बघू

डेहराडूनच्या परेडसाठी म्हणून आप्पासाहेबाने शहरातल्या शहागंज बाजारातून एक काळा कोट घेतला होता. परेड झाली, पोरगा कृष्णा लेफ्टनंट झाला, नवरा-बायको गावी परत आले, तरी कोट काही अंगावरून उतरेना. म्हशीखालचं शेण काढतानाही कोट.

"आता काढा की ते," आशाबाई म्हणाली. "म्हैस बुजती तुमाला बघून."

"थंडी हाय," आप्पासाहेब म्हणाला. थंडी होतीच, पण नसती तरी त्याने तो काढला नसता.

परेडची गोष्ट तो भेटेल त्याला सांगायचा. पोराच्या दोन्ही खांद्यांवर चांदण्या असतात, त्यांच्यावर कापडी पट्टी असते आणि ती आईबापाने आपल्या हाताने काढायची असते. आशाबाईने तिच्या बाजूची पट्टी शेंगेचं साल काढावं तशी सर्रकन काढली. आप्पासाहेबाचा अंगठा मात्र अद्रकीच्या मातीने फुटलेला, तो नुसता घसरत राहिला. एवढ्या लोकांत त्याला घाम फुटला. शेवटी कृष्णाच हळूच म्हणाला, "आप्पा, खालून धरा." हे तो कुणाला सांगत नसे. तो सांगायचा ते पुढचं. ज्या सुभेदाराने कृष्णाला वर्षभर शिव्या घालून पळवलं, त्यानेच पुढे येऊन पहिला सॅल्यूट ठोकला आणि 'साहब' म्हणाला.

त्या दिवसांत वस्तीवरची म्हैस आणि अद्रकीचं पाणी काकासाहेबाने सांभाळलं होतं. काकासाहेब भावकीतला, वयाने थोरला, आणि त्याचं शेत आप्पासाहेबाच्या शेताला लागून. खुलताबादेच्या डांबरी रस्त्यावरून आप्पासाहेबाच्या वस्तीवर यायचं तर काकासाहेबाच्या बांधावरूनच. आजोबापासूनची वाट. दुसऱ्या अंगाने ओढा आणि ओढ्याच्या पलीकडे दगडांची चढण.

डेहराडूनला निघताना आप्पासाहेब त्याच्या दारात गेला तेव्हा काकासाहेब म्हणाला होता, "जा बिनघोर. फकस्त आमच्या विश्वजीतचं तेवढं बघा."

"बघू की," आप्पासाहेब म्हणाला होता.

या शब्दाने आजवर त्याचं काही बिघडलं नव्हतं. पोरीचं स्थळ घेऊन कुणी आलं की बघू, पुढाऱ्याने मत मागितलं की बघू, मेहुण्याने म्हैस मागितली की बघू. माणूस खूश होऊन जातो आणि आपल्याला काही करावं लागत नाही.

विश्वजीत हा काकासाहेबाचा एकुलता एक. कृष्णा आणि तो शाळेत असताना पहाटे एकाच रस्त्यावर पळायचे. कृष्णा दहावीनंतर सैन्याच्या शिक्षणाला निवड होऊन शहरात गेला, तिथून पुण्याला, तिथून डेहराडूनला. विश्वजीत रस्त्यावरच पळत राहिला. पळण्यात तो कुणाला हार जायचा नाही, पण जवानांच्या भरतीचा लेखी पेपर काही निघायचा नाही. आता मार्चनंतर वयही संपणार होतं.

कृष्णा सुट्टीवर आला तेव्हा गावाने सत्कार ठेवला. मारुतीच्या पारासमोर सतरंजी, खुर्च्या, भोंगा. फेटा काकासाहेबाने स्वतःच्या हाताने बांधला आणि भाषणही त्यानेच केलं.

"आपल्या कृष्णाला सरकारनं कमिशन दिलं. कुणाला म्हैत नसंल तर सांगतो, मिल्ट्रीत ह्ये लई मोठं कमिशन आसतंय. साहेब झाल्याशिवाय गावत नाय. आता गावच्या पोरांनी भरतीसाठी वणवण करायची गरज नाय. घरचाच माणूस वर बसलाय."

टाळ्या पडल्या. विश्वजीत सतरंजीच्या कडेला बसला होता, त्याने सगळ्यांत जोरात वाजवल्या. कृष्णा खुर्चीवरून उठू लागला तसा आप्पासाहेबाने त्याची बाही धरली.

"बस खाली."

"आप्पा, कमिशन म्हणजे ते नाही. लोक काय समजायलेत?"

"मला म्हैतंय काय ते. इथं नगं."

खरं तर आप्पासाहेबालाही नीट माहीत नव्हतं. त्याला अडत्याचं कमिशन ठाऊक होतं, ट्रॅक्टरवाल्याचं ठाऊक होतं. डेहराडूनला त्याने कृष्णाला विचारलं होतं, कशाचं रे कमिशन? कृष्णा म्हणाला, राष्ट्रपतींचं. मग पुढे विचारायची त्याची छाती झाली नाही.

सत्काराचा हार सुकायच्या आतच अद्रकीने दगा दिला. यंदा पाऊस दिवाळीपर्यंत हटला नव्हता. वाफ्यांत पाणी तुंबून राहिलं होतं आणि वरून सगळं ठीक दिसत होतं. आप्पासाहेबाने एक गड्डा उपटला, बोटाने दाबला, तर आत बोट रुतलं. पाणी सुटलं आणि घाण वास आला. त्याने पुढचा उपटला, तोही तसाच. तो तसाच उकिडवा बसून राहिला. कृष्णा मागे येऊन उभा राहिला.

"सड लागलीय," आप्पासाहेब म्हणाला. "चांगली हाय तेवढी लगोलग काढावी लागंल. वाफ्यातनं वाफ्यात पळती ही."

खुलताबादेचा मुनीब अद्रकीचा व्यापारी. तो मोटारसायकलवर आला, दोन-चार वाफे फिरला, गड्डा फोडून हुंगला आणि रुमालाला हात पुसत म्हणाला, "आप्पा, माल जातोय तुमचा. मैं उद्या टेम्पो लावतो. पण टेम्पो इथं बांधापर्यंत आला पायजे. डोक्यावर वाहून रोडपर्यंत न्यायचं म्हणाल तर मेरेकू परवडता नै."

"येतोय की बांधापर्यंत. वाट हाय ना."

त्याच दुपारी खणती सुरू झाली. मुकादम आवडाबाई आणि तिच्या हाताखालच्या मजूर बाया आल्या. बाप-लेक टिकावाने गड्डे उकरायचे, बाया झटकून माती काढायच्या, सडकं बाजूला फेकायच्या, चांगलं गोणीत भरायच्या. कृष्णाच्या अंगात नवीन ताकद आली होती. तो एका लयीत टिकाव मारायचा आणि थांबायचा नाही.

"सायेब, दमानं," आवडाबाई म्हणाली. "खालचं पाणी काढताल तुमी."

बाया हसल्या. आप्पासाहेबाने कोट काढून बांधावरच्या बोरीला अडकवला होता. मध्येच तो कंबर धरून उभा राहायचा आणि पोराच्या पाठीकडे बघायचा. सड लागली होती तरी त्या घटकेला त्याला बरं वाटत होतं.

उन्हं कलताना काकासाहेब आला. मागे किटली आणि कप घेऊन विश्वजीत. सगळ्यांना चहा दिला. मग काकासाहेब बांधावर टेकला.

"कृष्णा, पोराची भरती निघालीय. आप्पाला बोललो होतो मी."

कृष्णाने हाताची माती झटकली. "काय बोलला होतात काका?"

"ह्येच, विश्वजीतचं. आप्पा म्हणला बघू."

"काका, भरती माझ्या हातात नसते. कुणाच्याच नसते. पेपर काढायचा, पळायचं, मेडिकल द्यायचं. मी तर साहेबांतला सगळ्यात खालचा. माझ्या पलटणीनं अजून माझं तोंड बघितलं नाही."

"आन कमिशन?"

"कमिशन म्हणजे अधिकार. देशानं दिलेला. त्यात टक्का नसतो कुणाचा."

काकासाहेबाने कप खाली ठेवला. "मंग आप्पा बघू कशाला म्हणला?"

बायांचे हात थांबले. सगळे आप्पासाहेबाकडे बघू लागले. तो एका गड्ड्याची माती काढत होता, माती केव्हाच निघाली होती तरी काढत होता.

"नाय, तसं न्हवं," तो म्हणाला. "बघू म्हणजे... बघू म्हणलो."

काकासाहेब उठला. "कमिशन घ्यायचं आसंल तर तोंडानं सांगा की. भावकीतला हाय, नाय म्हणणार नाय मी."

कृष्णाचे कान लाल झाले. "काका, असं बोलायचं नाही. मी शपथ घेतलीय."

"आमी बी म्हैस राखली," काकासाहेब म्हणाला आणि चालू लागला. विश्वजीतने खाली मान घालून एकेक कप गोळा केला. आवडाबाईचा अर्धा राहिलेला कपही त्याने मागून घेतला नाही, ती देईपर्यंत उभा राहिला.

सकाळी वाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या होत्या. चांगल्या दाट, आडव्या, वर दगड ठेवलेले. मुनीबचा टेम्पो डांबरीवर उभा होता आणि मुनीब टेम्पोला टेकून दात कोरत होता.

"मैं झगडे में पडता नै आप्पा," तो लांबूनच म्हणाला. "दुपारपर्यंत थांबतो. फिर जाता मैं."

"तहसीलला अर्ज करू," कृष्णा म्हणाला. "वहिवाटीचा रस्ता असा अडवता येत नाही."

"आन अर्जाचा निकाल लागंस्तवर अद्रक थांबती का?"

आप्पासाहेबाने कोट घातला आणि काकासाहेबाच्या घरी गेला. काकासाहेब ओट्यावर दाढी करत बसला होता. त्याने बस म्हटलं नाही. आरशातून एकदा बघितलं आणि गाल फुगवून वस्तरा फिरवत राहिला. आप्पासाहेब खाली अंगणात उभा, शेजारची दोन माणसं पलीकडच्या ओट्यावरून बघत होती.

"काकासाहेब, पोरगं शिकल्यालं हाय. त्याला कुठं काय बोलावं कळत नाय. तुमी मनावर नका घेऊ."

काकासाहेबाने पाण्यात वस्तरा खळबळवला.

"काट्या काढा. मी समजावतो त्याला."

"काय समजावतो?"

आप्पासाहेबाने कोटाचं बटण लावलं, पुन्हा काढलं.

"माझं पोरगं रोज पळतंय आप्पा. पाय बघ त्याचे, नखं गेलीत. तू म्हणला बघू, तवापासनं ते लई खुशीत हाय. रात्रीचं जेवताना गाणं म्हणतंय. आता मी त्याला काय सांगू?" त्याने फेस पुसला. "कृष्णाच्या तोंडून आयकू दे. तुझं बघू म्या बघितलं."

परत येताना आप्पासाहेबाला काट्यांवरून उडी मारावी लागली. कोटाचा खिसा फाटला. वाफ्यात आल्यावर तो कृष्णाशेजारी बसला आणि खालच्या आवाजात बोलू लागला.

"नुस्तं बघू म्हण. कुणी कागद लिहून मागत नाय. तू जाशील तिकडं, मार्च येईल, वय संपंल, इषय मिटंल. काय जातंय तुझं?"

"आप्पा, तिथं एका पोराला खोटं बोलला म्हणून घरी पाठवलं. परेड तोंडावर आलेली. माझ्या शेजारच्या खोलीतला होता. त्याचे आईबाप तिकीट काढून बसले होते."

"ते तिथं."

"मी आता तिथलाच आहे."

आप्पासाहेब त्याच्याकडे बघत राहिला. "मंग आमी कुठले रं?"

कृष्णाने गोणी डोक्यावर घेतली आणि ओढ्याकडे निघाला.

डोक्यावर ओझं घेऊन काट्या ओलांडता येईनात, मग सगळं ओढ्यातून. चुंबळ ठेवून डोक्यावर गोणी, गुडघाभर गार पाणी, शेवाळलेले दगड, पलीकडची चढण आणि लांबचा वळसा घेऊन डांबरी. बायांनी एक-एक खेप केली आणि दुसऱ्या खेपेला आवडाबाईने चुंबळ खाली टाकली. "आप्पा, माजं गुडघं न्हाईत ओ. रागावू नका." तिच्या मागोमाग बाकीच्याही बसल्या. रागवायला आप्पासाहेबाला तोंड नव्हतं. राहिले तिघं. कृष्णा दोन खेपा करायचा तेवढ्यात बाप एक करायचा. आशाबाई म्हणाली, अर्धी गोणी मी नेते.

तिचा पाय घसरला तेव्हा कृष्णा पलीकडच्या काठावर होता. ती ओरडली नाही. पाण्यात बसली, आणि अद्रकीची गोणी तशीच डोक्यावर धरून बसली, भिजू नये म्हणून. कृष्णा धावत आला. घोटा बघता बघता फुगला.

त्याने आईला पाठीवर घेतलं आणि घरी आणलं. दवाखाना खुलताबादेला, गाडी आत येणार कशी? आशाबाईच म्हणाली, मोडला नाय, मुरगळलाय. आप्पासाहेबाने आंबेहळद उगाळून लेप लावला. तिच्या पायाला हात लावताना त्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलंही नाही.

"रडता काय," ती म्हणाली. "म्हशीला पेंड टाका."

मुनीबचा टेम्पो तळ जेमतेम झाकेल एवढा माल घेऊन गेला. बाकीची अद्रक वाफ्यांत राहिली. नंतरच्या दिवसांत तिचा वास वस्तीवर आला, आधी अंगणात, मग घरात, मग अंथरुणात.

कृष्णाची सुट्टी संपली. त्याला जम्मूच्या पुढे कुठेतरी हजर व्हायचं होतं. तिथे तीस-बत्तीस जवान त्याच्या हाताखाली असणार होते आणि सगळे त्याला साहब म्हणणार होते. छावणीच्या बाजारातून आणलेली काळी पेटी घरात मधोमध भरून ठेवली होती. पेंटरने तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत त्याचा हुद्दा आणि नाव काढलं होतं. वर्दी आशाबाईने स्वतः घडी घातली. चांदण्यांवरून बोट फिरवलं, पदराने पुसल्या आणि पेटीत ठेवल्या.

"आई, दवाखान्यात जा. पाय दाखव."

"जाते की."

"कशी जाशील?"

"तू जा बाबा. आमी हाय इथंच. आमी कुठं जातोय?"

ती सहज म्हणाली. कृष्णा मात्र पेटीची कडी धरून तसाच उभा राहिला.

त्याने पेटी खांद्यावर घेतली, आप्पासाहेबाने वळकटी. ओढ्याकडे वळायच्या जागी कृष्णा वळला नाही. तो सरळ काट्यांपर्यंत गेला आणि पेटी खाली ठेवली. पलीकडे काकासाहेब बांधावर बसला होता. विश्वजीत नुकताच पळून आला होता, अंगातून वाफा निघत होत्या.

विश्वजीतच काट्यांपाशी आला.

"दादा, मार्चनंतर वय संपतंय माजं. एवढीच भरती हाय."

कृष्णाने मागे वळून बघितलं. आशाबाई दारात आली होती. खांब धरून, एक पाय अधांतरी ठेवून उभी होती. निरोपाचा हात करायला बघत होती, पण खांबावरचा हात सोडायची तिला भीती वाटत होती.

"बघू," कृष्णा म्हणाला.

"काय म्हणला?" काकासाहेबाने बांधावरून विचारलं. त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

कृष्णाला ते दुसऱ्यांदा, मोठ्याने म्हणावं लागलं. "बघू म्हणलं काका. बघतो मी."

काकासाहेब लगबगीने उठला. दगड बाजूला केले, हातानेच काट्या ओढल्या. तळहाताला काटा रुतला तो त्याने दाताने काढला. "आरं, मंग त्याच दिशी म्हणायचं ना! एवढ्यावरनं एवढं झालं बघ!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आप्पा, आता गाडी आण खुशाल आतपतोर."

"आणू," आप्पासाहेब म्हणाला. भरायला काही राहिलं नव्हतं हे काकासाहेबालाही वासावरून कळत होतं.

विश्वजीतने पेटी डोक्यावर घेतली आणि डांबरीपर्यंत जवळजवळ पळतच गेला. काळी-पिवळी जीप आली. पेटी टपावर चढवून त्याने टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. गाडीतली माणसं कौतुकाने बघू लागली. कृष्णाचा हात थोडा वर आला, मग त्याने पिशवीचा बंद नीट केला. वाकून बापाच्या पाया पडला आणि वर न बघताच आत बसला.

आप्पासाहेबाला हवं होतं तेच झालं होतं. पोराने त्याचं ऐकलं होतं. तरी गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्याला वाटत होतं, धावत जावं आणि सांगावं, परत घे तो शब्द. धावला नाही. घरी येऊन त्याने कोट काढला आणि फाटक्या खिशासकट खुंटीला अडकवला.

वाट मोकळी झाली. काकासाहेबाने स्वतः गाडी आणून आशाबाईला दवाखान्यात नेलं. घोट्याचं हाड चिरलं होतं. उशीर झाला, आता थोडं लंगडणं राहील, असं डॉक्टर म्हणाला.

विश्वजीतने पळायचा रस्ता बदलला. आता तो रोज सकाळी मोकळ्या वाटेने वस्तीवर यायचा, नांगरलेल्या वाफ्यांना वळसा घालायचा आणि आप्पासाहेब धार काढत असायचा तिथे जागच्या जागी पाय हलवत थांबायचा.

"आप्पा, दादाचा फोन?"

फोन यायचा. कृष्णा आईच्या पायाचं विचारायचा, म्हशीचं विचारायचा, बर्फाचं सांगायचा. विश्वजीतचं तेवढं सोडून बाकी सगळं बोलायचा. आप्पासाहेबही ते काढायचा नाही.

"आला होता की," आप्पासाहेब म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून म्हणायचा, म्हणजे तोंड दिसू नये. "बघतो म्हणला."

भरती झाली. पेपर याही वेळी निघाला नाही. मार्च संपला, वय संपलं. विश्वजीत नाराज दिसला नाही. तो काकासाहेबाला म्हणाला, वयाचं काय एवढं, दादा करंल त्यात काहीतरी.

एप्रिलचं ऊन टाळून पहाटे पहाटेच पाय वाजले. आशाबाई लंगडत अंगण झाडत होती, तिने खराटा थांबवला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"आप्पा, दादाचा फोन?"

"आला होता," आप्पासाहेब म्हणाला.

"काय म्हणला?"

चरवीत धार वाजत राहिली.

"बघतो म्हणला."

विश्वजीत हसला आणि पुन्हा पळायला लागला.